आधी मीठ, मग तेल

आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरात लोणच्याचा एकच कायदा होता: आधी मीठ, मग तेल. कैरीच्या फोडींना मीठ-हळद चोळून आई परात रात्रभर झाकून ठेवायची. फोडींना पाणी सुटलं की मसाला, आणि गार झालेलं तेल सगळ्यात शेवटी. मध्ये कुणी लुडबुड केली की हातावर पळी बसायची.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पाण्यात विरघळलेल्या मिठाचे आयन पाणी झिडकारणाऱ्या पृष्ठभागाजवळ कसे वागतात, हा माझ्या संशोधनाचा विषय. आईला तो मी लोणच्यावरूनच समजावला होता. सोडियमला भोवती पाणी लागतं, म्हणून तो तेलाच्या कडेपासून मागेच राहतो. आयोडाइडसारखा थोराड आयन मात्र पार कडेपर्यंत येतो.

"आगं, एवढं शिकून मिठाचंच बघत बसतीस व्हय?" म्हणत ती पोट धरून हसली. शेजारणीला मात्र सांगून आली, आमची पोरगी लई अवघड काम करती.

गेल्या वर्षापासून ती विसरायला लागली. चष्मा, गॅस, पुन्हा पुन्हा तेच प्रश्न. वयच झालंय, असं मी म्हणायचे. लोणचं नीट घालतेय तोवर आई शाबूत आहे, हे मी मनाशी घट्ट धरून बसले होते.

या उन्हाळ्यात कॉलेजातून आले तर ती बरणीपुढे वैतागून बसलेली.

"मीठच लागंना की! किती घालू आनखी?" म्हणत तिने अजून एक मूठ टाकली.

मी वाकून पाहिलं. फोडींना पाणी सुटलेलंच नव्हतं. त्या तेलाने माखल्या होत्या आणि मीठ बुडाशी तसंच खडखडीत बसलं होतं. तेलात मीठ विरघळत नाही. तिने तेल आधी ओतलं होतं.

मला संताप आला. कुणावर, ते कळेना. लोणचं गेलं खड्ड्यात, पण तिने तो कायदा एकदा तोंडाने म्हणावा, एवढंच मला हवं होतं. तिचे तेलकट हात हातात घेतले.

"आई, आधी काय घालायचं असतं?"

तिने हात सोडवून घेतले आणि पाहुण्याला द्यावा तसा माझ्यापुढे पाट सरकवला.

"तुमच्या आईला इचारा की," ती म्हणाली. "तिला समदं ठावं आसतंय."