गोदामातून येणारे मुके मेसेज

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता... खरं सांगायचं तर आजही बसलेला नाही. मी डेटाबेस सांभाळते. सर्व्हर बंद पडला की त्याला कारण असतंच, आणि ते शोधायचाच मला पगार मिळतो.

मी मूळची अमरावतीची, नोकरी मोहालीत. गेल्या हिवाळ्यात चंडीगडच्या इंडस्ट्रियल एरिया फेज टूमधल्या एका कारखान्याचा सर्व्हर सारखा अडकायला लागला. नेटवर्कवरून कुठूनतरी मेसेज यायचे — कनेक्शन मागायचे आणि पुढे काहीच नाही. कुणी फोन करून गप्प बसावं ना, तसं. सर्व्हर प्रत्येकाची वाट बघत बसायचा आणि शेवटी ठप्प. कित्येक दिवस माझं तेच चाललं होतं — रीस्टार्ट, चहा, पुन्हा रीस्टार्ट. मेसेज ज्या नेटवर्क अ‍ॅड्रेसवरून येत होते, तो ब्लॉक केला, तरी ते येतच राहिले. जीव नुसता विटून गेला होता.

तिथलं नेटवर्क बघणारा गुरप्रीत एका दुपारी म्हणाला, "मॅडम जी, ये तो पुराने गोदाम के कंप्यूटर का अ‍ॅड्रेस है. वो तो कब से बंद पड़ा है."

"चलो, उसकी तार ही निकाल देते हैं," मी म्हटलं.

गोदामात कॉम्प्युटर होता. धूळ खात पडलेला. त्याला ना वीज, ना नेटवर्कची वायर.

आणि रॅकच्या मागे स्टोअरकीपर शर्माजी जमिनीवर पडलेले. सगळ्यांना वाटत होतं, ते पंचकुल्याला घरी जेवायला गेलेत. अंग घामाने भिजलेलं... ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. गुरप्रीतने त्यांना अक्षरशः उचलून गाडीत घातलं. हार्ट अटॅक. डॉक्टर म्हणाले, थोडा जरी उशीर झाला असता तर हाती लागले नसते.

शर्माजी वाचले. त्या दुपारनंतर तसा एकही मेसेज आला नाही.

योगायोग म्हणा. मीही म्हणून पाहिलं. तो अ‍ॅड्रेस दुसऱ्या मशीनने घेतला असेल म्हणून आम्ही सगळा कारखाना पालथा घातला — काही सापडलं नाही. शिवाय मेसेज सुरू झाले तेव्हा शर्माजी चांगले धडधाकट होते, येता-जाता आमची चेष्टा करत होते.

मॅनेजरने विचारलं, "प्रॉब्लेम क्या था आख़िर?"

"ठीक हो गया, सर," मी म्हटलं. आणि रिपोर्टमधला कारणाचा रकाना कोराच ठेवला.