मंदा कुठे बसते

“इथे स्वच्छ लिहिलंय, ‘मी रस्त्यावर बसलेली असताना गाडी मागे आली.’ खाली तुमच्या जावेचा अंगठा. हे असंच राहिलं तर केस गेली,” वकीलबाई म्हणाल्या.

मंदा माझ्या शेजारी बाकावर होती. डावा पाय काठीसारखा ताठ, आत रॉड. ती म्हणाली, “पण अक्का, मी बसले कुठं होते? मी नळापाशी उभी होते.”

“मग दवाखान्यात हवालदाराला काय सांगितलंस?”

“त्यांनी विचारलं, तिथं काय करत होता? मी म्हटलं, मी तिथंच बसते की रोज.”

मी कपाळाला हात लावला. चूक काय झाली ते मला कळलं. मी असते तर मीही तेच सांगितलं असतं.

वाचणाऱ्यांसाठी सांगते. आम्ही दोघी जावा नाशिकच्या बाजारात फुलं विकतो, हार-गजरे करतो. आमच्यात बसणे म्हणजे धंद्याची जागा असणे. आमच्यातली सखू देवळासमोर बसते, म्हणजे तिची फुलं देवळासमोर मिळतात. ती त्या घटकेला जेवत असो, भांडत असो, नाहीतर माहेरी गेलेली असो. आम्ही पिंपळाखाली बसतो. हवालदार बाजारातला नव्हता. त्याने ऐकलं ते लिहिलं. पोलीस असं लिहून घेतात त्याला जबाब म्हणतात. मंदा तेव्हा इंजेक्शनच्या गुंगीत होती. तिने अंगठा दिला.

खरं घडलं ते असं. सकाळी फुलांवर शिंपडायला पाणी आणायला मंदा फुटपाथच्या कडेच्या नळावर गेली. दुभाजकातल्या झाडांना पाणी घालणारा सरकारी टँकर रिव्हर्स घेत फुटपाथवर आला. मागे एक माणूस उभा राहून पत्र्यावर थापा मारतो, “येऊ दे, येऊ दे” ओरडतो. त्या दिवशी तो माणूस चहाला गेला होता. मी ओरडले, पितळी तांब्या फेकून टँकरवर मारला. टँकर थांबला, पण धक्क्याने पडलेल्या मंदाच्या गुडघ्यावरून चाक गेल्यावर.

सरकारी गाडीने मारलं की सरकार आपणहून भरपाई देतं, असं आम्हाला वाटायचं. तसं नसतं. मोटार अपघाताच्या कोर्टात क्लेम लावावा लागतो. क्लेम म्हणजे भरपाईचा दावा. कोर्ट दोन गोष्टी बघतं. चूक कोणाची, आणि माणसाचं काम किती गेलं. रस्त्यात बसलेली बाई म्हटलं की चूक बाईची.

काम कसं गेलं तेही सांगते. गजरा करताना मांडी घालून दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवतात आणि ताणून फुलं बांधतात. ज्याचा गुडघा मुडपत नाही त्याने गजरा कसा करायचा? डॉक्टर म्हणाले होते, दुसरं ऑपरेशन करून रॉड काढला तर पाय वाकेल, पण फार उशीर करू नका, गुडघा आखडतो. त्या ऑपरेशनचा खर्च आमच्या आवाक्यातला नव्हता. सगळं क्लेमवर अडलं होतं आणि क्लेम एका शब्दावर.

साक्षीदार मी. वकीलबाईंनी मला बजावलं, “अक्का, कोर्टात ‘बसते’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही.”

“मग काय म्हणू?”

“धंदा करते म्हणा.”

“बाईमाणसानं कोर्टात उभं राहून असं म्हणायचं? लोकं काय समजतील?”

त्यांना आधी कळलंच नाही. मग त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसला. “बरं बाई, फुलं विकते म्हणा.”

तारीख लागेपर्यंत मी हार ओवता ओवता घोकत होते, फुलं विकते, फुलं विकते. गिऱ्हाईक म्हणायचं, “दिसतंय आजी, भाव सांगा.” जेवण जाईना. मी चौथी शिकलेली. बाजारात माझ्यापुढे कोणी बोलू शकत नाही, पण कोर्टातला पिंजरा वेगळा.

टँकर ज्या सरकारी खात्याचा, त्या खात्याचे वकील सभ्य होते. सभ्य माणसाची मला जास्त भीती वाटते.

“आजी, अपघात कुठून बघितलात?”

“पिंपळाखालून.”

“तिथे काय करता?”

“फुलं विकते.” बरोबर आलं.

“आणि मंदाबाई?”

“ती माझ्याशेजारीच बसते.”

गेलं तोंडातून. वकीलबाईंनी डोळे मिटले. मंदाने पदराचा बोळा तोंडाशी धरला. खात्याचे वकील वळून म्हणाले, “मॅडम, साक्षीदार स्वतः सांगतायत, बसते. जबाबातही तेच आहे.”

जावेचा पाय मी माझ्या तोंडाने घालवला असं वाटलं.

जज मॅडमनी पेन खाली ठेवलं. “आजी, तुम्ही कुठे बसता?”

आता खोटं काय बोलायचं? “पिंपळाखाली, मॅडम.”

“आणि आत्ता?”

“आत्ता हितं उभी हाय.”

मागे कोणीतरी खुदकन हसलं. मॅडम खात्याच्या वकिलांकडे वळल्या. “तुम्ही कुठे बसता?”

“मी? खाली, जिन्याशेजारच्या टेबलावर.”

“मग आत्ता इथे कसे?”

वकील ओशाळून हसले. म्हणाले, “मुद्दा लक्षात आला, मॅडम.” पण मॅडम तेवढ्यावर थांबल्या नाहीत. मला म्हणाल्या, “गाडी मागे आली तेव्हा मंदाबाईंचे हात कुठे होते?”

“एक बादलीच्या कडीला, एक नळाला.”

“पाय?”

“फुटपाथच्या फरशीवर. दोन्ही. उभी होती, मॅडम, पाठमोरी.”

टाइप करणाऱ्याने ते टाइप केलं. मॅडमनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पुढची तारीख दिली. मग त्याच्या पुढची. दर तारखेला मंदा विचारायची, “अक्का, आज होईल का?” मी म्हणायचे, “मला काय विचारते? मी काय जज हाय?” चिडत होते, कारण मलाही तेच विचारायचं होतं आणि विचारायला कोणी नव्हतं.

निकाल आमच्या बाजूने लागला. मंदा उभी होती, चूक टँकरची, असं कोर्टाने धरलं. मात्र मागितली त्यापेक्षा भरपाई कमी मिळाली. मंदाच्या कमाईचा पुरावा नव्हता. गजऱ्याची पावती कोण देतं आणि कोण मागतं?

ऑपरेशन झालं. गुडघा अर्धा वाकतो. डॉक्टर म्हणाले, आधी आला असतात तर गुडघा पूर्ण वाकला असता. मंदा म्हणाली, “अर्धा तर अर्धा. आता काय मला नाचायचंय?” ती हल्ली पिंपळाखाली खुर्चीवर असते. फुलांच्या लाकडी क्रेटला खिळा ठोकून घेतलाय, दोरा अंगठ्याऐवजी त्याला अडकवते. गजरा पहिल्यासारखा घट्ट येत नाही. गिऱ्हाइकाला कळत नाही, आम्हाला कळतं.

अपघातानंतर कोणी विचारलं, काय करत होता, तर रोजचं सांगू नका. त्या घटकेचं सांगा. हात कुठे होते, पाय कुठे होते, तेवढंच. आणि गुंगीत असाल तर अंगठा देऊ नका.

परवा एक गिऱ्हाईक मला विचारत आलं, “गजरेवाल्या मंदाबाई इथेच बसतात ना?”

मंदा तेव्हा काठी टेकत नळावर गेली होती. मी तोंड उघडायच्या आत तीच तिथून ओरडली, “उभी हाय, उभी! लिहून घ्या! आलेच!”