गोदूआयच्या कोंबड्यांना दिलेली जागा

आनंदा ठाकूर हा माणूस जागा मोजण्यातच म्हातारा झाला. पनवेलच्या अंगणात, खारघरचे टॉवर जिथून दाताच्या कवळीसारखे दिसतात त्या गावात, तुम्ही कुणालाही विचारा. जमिनी गेलेल्यांच्या समितीचा तो अठ्ठावीस वर्षं सरचिटणीस. नवीन शहरासाठी सरकारनं सगळी शेती घेतली आणि त्यातली साडेबारा टक्के जागा परत द्यायचं कबूल केलं. ती मिळवण्यासाठी आनंदानं किती मोर्चे काढले, किती साहेबांच्या दारात बसकण मारली, ते त्यालाच ठाऊक. झोपेतून उठवून विचारलंत तरी कुठल्या सर्व्हे नंबरचे साडेबारा टक्के किती होतात ते तो चोख सांगेल. बायकोच्या वाढदिवसाची तारीख मात्र सांगणार नाही.

परत मिळालेल्या जागेवर त्यानं दोन मजली बंगला बांधला. गुलाबी रंग, स्टीलचे कठडे, आणि फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत सगळीकडे पेव्हर ब्लॉक. मातीचा कण दिसेल तर शपथ. चिखल म्हणजे गरिबी, असं आमच्या गावात एकदा ठरलंय, मग त्यावर बोलायचं नाही.

या गुलाबी बंगल्यात आनंदाची आई गोदूआय वाळत चालली होती. वय अठ्ठ्याहत्तर. जन्मभर शेतात लावणी केली, मिठागरात मीठ ओढलं, दारात कोंबड्या पाळल्या. आता करायला काही नाही. नवरा काशिराम गेल्यापासून तर ती मागच्या पायरीवर बसून नुसती फरशीकडे बघायची. जेवण म्हणजे चहात बुडवलेलं अर्धं बिस्कीट. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट सगळे चांगले आहेत. आनंदा मनातून घाबरला होता. रिपोर्ट चांगले असताना माणूस संपत जातं, ते त्यानं बापाच्या वेळी पाहिलं होतं.

आणि एक दिवस गोदूआय आपणहून बोलली. "आनंदा, मना कोंबड्या पायजेत. सात-आठ. बाकी काय नको."

नवरा गेल्यापासूनच्या पाच वर्षांत तिनं पहिल्यांदा काही मागितलं होतं. आनंदाचे डोळेच भरून आले. "आये, मागचं परसू सगळं तुझ्या कोंबड्यांचं," तो म्हणाला. "वीस बाय सोला. तीनशे वीस फूट. शब्द दिला."

आता साधा माणूस काय करील? चार फळ्या ठोकून खुराडं करील आणि मोकळा होईल. पण हौसेला मोल नाही, आणि सरचिटणीसाच्या हौसेला तर आराखडाच लागतो. आनंदानं मोबाइलवर तीन रात्री घालवल्या. एका कोंबडीला खुराड्यात चार चौरस फूट, बाहेर फिरायला दहा. आठ कोंबड्यांना बाहेर ऐंशी फूट पुरे. त्यानं समितीच्या लेटरहेडवर नकाशा काढला, उत्तर दिशेचा बाण दाखवला आणि खाली सहीसुद्धा केली.

तेवढ्यात त्याचा मुलगा मितेश नवी गाडी घेऊन आला. गाडी इतकी मोठी की फाटकातून आत घेताना शेजारच्यांनी श्वास रोखले. ती रस्त्यावर कशी ठेवणार? लोक म्हणतील, गाडी घेतली पण ठेवायला जागा नाही. आनंदानं नकाशा काढला, खोडरबर फिरवला. एकशे साठ फूट गाडीला. उरले एकशे साठ. "कोंबड्यांना लागतात ऐंशीच," तो आईला म्हणाला.

वैशाखात मितेशचं लग्न. आता आमच्याकडे लग्न एक वेळ साधं होईल, हळद साधी होत नाही. हळदीला स्टेज नसेल तर पाहुणे वर्षभर नाव ठेवतात. भाड्याचा स्टेज डुगडुगतो म्हणून मितेशनं सिमेंटचा कायमचा चौथराच मागितला, परसात. गेले आणखी ऐंशी फूट. "बघ आये, अजून नियमात बसतंय," आनंदा म्हणाला. मग डीजे आला, त्याला जनरेटर आला, जनरेटरला पत्र्याची खोली आली. चाळीस फूट.

उरल्या चाळीस फुटांत खुराडं बसवायचं, तर फिरायला जागा कुठली? पण बिल्डरांच्या शेजारी राहून माणूस काही शिकतोच. आनंदानं खुराडं खांबांवर उचललं. खाली मोकळं, वर राहायचं. आत पांढऱ्या टाइल्स, वर लाल कौलाच्या रंगाचा पत्रा, दारावर काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरं : 'गोदाई निवास'. नारळ फुटला, पेढे वाटले, मितेशनं व्हिडिओ काढला. गावातली अर्धी माणसं भाड्याच्या खोलीत राहतात, ती येऊन बघून गेली.

कोंबड्या आणल्या मंगळीनं. मंगळी आपटा गावाकडच्या कातकरी वाडीतली. तिच्या घरी खुराडं नाही, संध्याकाळी टोपलीखाली कोंबड्या डालायच्या की झालं. तिनं आठ गावठी कोंबड्या खाली सोडल्या, 'गोदाई निवास' डोळे भरून पाहिला, मग आजूबाजूला पाहिलं.

"दादा, घर लय भारी. माती कुठं हाय?"

"माती कशाला? घाण होते. पेव्हर पाण्यानं धुवायला सोपे."

"कोंबडी उकरंल कशात?"

"नकाशाप्रमाणं सगळं हाय," आनंदा जरा चढ्या आवाजात म्हणाला. मंगळीनं टोपली उचलली. वाटेत गोदूआयशी तिची नजरानजर झाली.

आठ दिवसांत कोंबड्यांनी आपला निकाल दिला. टाइलवर त्यांचे पाय घसरायचे. बाहेर यायच्या, ब्लॉकवर दोनदा नख मारायच्या आणि उभ्या राहायच्या, तलाठ्याच्या ऑफिसबाहेर माणसं उभी राहतात तशा. मग उद्योग नाही म्हणून एकमेकींची पिसं उपटायला लागल्या. अंड्याचं नाव नाही. आनंदानं पातेल्यात रेती भरून ठेवली, तर एका वेळी एकच कोंबडी मावायची आणि बाकीच्या तिला टोचायच्या. त्यानं कॅल्शियमचं औषध आणलं. त्यांना करमावं म्हणून रेडिओसुद्धा लावला.

याहून वाईट म्हणजे गोदूआय परसात बसायची बंद झाली. खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. बिस्कीटही सुटलं. आनंदा ताट घेऊन तिच्या उशाशी बसला. कोंबड्यांनी आईला उभं करायचं, तर कोंबड्या बघूनच आई आडवी झाली होती.

"आये, अशी उपाशी नको राहूस गं. सांग, काय चुकलं माझं?"

गोदूआय वळली. "कोंबड्यांना जागा किती दिली रं?"

"चालीस फूट."

"कबूल किती केली होतीस?"

"तीनशे वीस."

एवढंच. गोदूआय शाळेत गेलेली नाही, टक्केवारी तिच्या गावी नाही. पण आनंदाला कागद लागला नाही, पेन लागलं नाही. अठ्ठावीस वर्षांची सवय. तीनशे विसातले चाळीस. आकडा डोक्यात आला आणि त्याच्या हातातलं ताट कलतं झालं, आमटी चादरीवर सांडली.

ज्या आकड्यासाठी तो सरकारच्या नावानं उन्हात घोषणा देत बसला होता, तोच त्यानं आईच्या कोंबड्यांना दिला होता. तोही फरशी घालून आणि नारळ फोडून.

"तुझा बाबा," गोदूआय म्हणाली, "मिलालेल्या जागंत दोन वांगी लावायला बघत व्हता. ब्लॉकातून खुरपं आत जाईना. त्येच मनाला लावून गेला तो. तू तवा मोर्च्यात व्हतास."

आनंदा उठला. जिन्याखालची पहार काढली आणि परसात गाडीच्या पुढच्या चाकाशी पहिला ब्लॉक उचकटला. मितेश धावत आला, त्याला गाडी रस्त्यावर काढायला लावली. शेजारीपाजारी गोळा झाले. कुणी म्हणालं पाइप फुटला, कुणी म्हणालं खजिना सापडला.

दुपारपर्यंत निम्मं परसू उघडं झालं. खाली काळी, ओलसर माती, शिंपल्यांचे तुकडे मिसळलेली. कोंबड्या आधी लांबूनच बघत होत्या. मग एक पुढे आली, तिनं उकरलं, आणि बघता बघता आठही जणी मातीत अंग टाकून पंख झटकायला लागल्या. रंग कुठला, डोकं कुठलं कळेना.

गोदूआय भिंत धरत धरत पायरीवर येऊन बसली. मग म्हणाली, "सुनंला सांग, मना भाकर आण. हितंच खाईन."

आनंदानं घाम पुसला. चौथऱ्याकडे मोर्चा वळवला. मितेश चावी हातात घेऊन अजून तिथंच उभा होता.

"बाबा, पण मग माझ्या गाडीला जागा?"

आनंदानं पहार खाली टेकवली. अठ्ठावीस वर्षं ऐकलेला साहेबाचा आवाज त्याच्या गळ्यातून आपसूक आला.

"अर्ज कर. पात्र ठरलास तर साडेबारा टक्के मिलतील."