मंगळवारचा तास

रविवारी, म्हणजे इथे आखातात आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, सकाळी सुलभाताई शाळेच्या बसला आल्या नाहीत. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, मी फोन केला. फोन त्यांच्या यजमानांनी घेतला. "ती पहाटे गेली," ते म्हणाले. मी बसमध्ये बसले आणि बस अब्बासियाकडे, शाळेकडे निघाली.

त्याला आता काही आठवडे झाले. इथे माणूस गेलं की आधी त्याचे कागद पूर्ण व्हावे लागतात, मग ते विमानाने गावी जातं. ताई नाशिकला गेल्या. दहावा, तेरावा, भेटायला येणारी माणसं, सगळं तिकडे झालं. इकडे कुणाकडे जाऊन बसावं, तर रुमैथियातल्या त्यांच्या फ्लॅटला कुलूप होतं. माझ्या फ्लॅटमध्ये आणखी दोघी राहतात, पण त्या नर्स; त्यांच्या ड्युट्यांमुळे आमची गाठ क्वचितच पडते. बोलायला कुणी नाही, म्हणून लिहिते आहे.

मी शाळेत ग्रंथपाल, ताई बालवर्गाच्या शिक्षिका. आमची ओळख झाली ती बसमध्येच. त्या खिडकीशी बसत आणि मांडीवर पुठ्ठा घेऊन दुसऱ्या दिवशीचे मासे, पानं, छत्र्या कापत. बसच्या हिसक्यांत लागू नये म्हणून मुलांची बोथट कात्री वापरत. ती त्यांच्या बोटांत अडकून बसे. मी पिशवी उघडी धरायची, कपटे तिच्यात पडायचे. फारसं बोलणं होत नसे. मला तसं कुणी शेजारी बसलेलं बरं वाटायचं.

शाळेचा हिशेब सरळ होता. मुलं असतील तेवढा वेळ काम. मुलं गेली की आमची बस सुटायची, आणि उरलेलं सगळं बालवर्गाच्या बाया घरी न्यायच्या. एकदा मी ताईंना म्हटलं, तुम्ही किती ओझं वाहता. त्या हसल्या. "अगं माधवी, मासे घरी कापता येतात. वर्ग घरी नेता येत नाही." मला ते तेव्हा नीटसं कळलं नाही.

कळलं ते, एकदा स्नेहसंमेलनाच्या तालमीमुळे बस उशिरा सुटणार होती, त्या दिवशी. त्यांना शोधत मी वर्गात गेले तर ताई रिकाम्या वर्गात एका मुलीच्या बुटक्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या. ती मुलगी रोज डबा खाताना अचानक रडायची आणि का ते सांगायची नाही. तिला घरची भाषा तेवढी येई, आणि ती आम्हा दोघींना येत नव्हती. बराच वेळ ताई नुसत्या बसून होत्या. मग बाहेरून मावशी फरशी पुसत गेल्या आणि दाराच्या काचेतून त्यांच्या ओढणीचं पिवळं टोक सरकून गेलं. "बघ," ताई म्हणाल्या, "हिला इथून माणूस दिसतच नाही, ओढणी दिसते. तिची आई अशीच ओढणी घेते, आणि मावशी डब्याच्या वेळीही इथूनच जातात." दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची हलवली. रडणं थांबलं नाही, पण कमी झालं.

असं बसायला त्यांना शाळेत वेळ हवा होता, आणि तो कामाचा वेळ म्हणून हवा होता. त्यासाठी त्या मॅनेजरसाहेबांकडे गेल्या, तेव्हा सोबत म्हणून मला घेऊन गेल्या. साहेब माणूस वाईट नव्हे. त्यांनी चहा सांगितला, सगळं ऐकलं आणि विचारलं, "मॅडम, बच्चे तो घर चले गए. फिर टीचर किसके साथ काम करती है?"

ताईंनी कप खाली ठेवला. "जो घर चले गए, उन्हीं के साथ."

पुढे बरेच दिवस काही झालं नाही. मग आठवड्यातला एक तास मिळाला, मंगळवारचा, तोही वर्ष संपेपर्यंत करून बघू म्हणून. त्या दिवशी सगळ्यांचीच बस उशिरा सुटू लागली. गणिताचे सर बसमध्ये चढताना म्हणायचे, "सुलभाताईंच्या कृपेने आज आमटी गार." ताई म्हणायच्या, "गरम करायला शिका, सर." तो तास मी त्यांच्या वर्गात पुस्तक घेऊन काढायची. त्या एका खुर्चीतून दुसऱ्या खुर्चीत बसत जायच्या. या परक्या गावात मला कुणाची सोबत असेल, तर ती तेवढीच...

त्यांना एकच धास्ती होती, वर्ष संपलं की तास जाईल. शेवटच्या गुरुवारी बसमधून उतरतानाही म्हणाल्या, "आपण पुन्हा जाऊ हं साहेबांकडे. तू ये." मी हो म्हटलं.

मागच्या आठवड्यात मी एकटीच गेले. मला बोलता येत नाही, हे मला माहीत आहे. मी एवढंच म्हणाले, "सर, मंगलवार का घंटा रहने दीजिए." त्यांनी पिवळ्या ओढणीची गोष्ट विचारली, ती त्यांच्यापर्यंत कशी पोचली होती कोण जाणे. मी सांगितली. नव्या वेळापत्रकात तास आहे. सगळ्या बालवर्गांना आहे, आणि कामाचा म्हणून आहे.

ताईंच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. काल मंगळवार होता. मुलं गेल्यावर मी त्यांच्या वर्गात गेले आणि पुढच्या रांगेतल्या एका खुर्चीत बसले. तिथून बाईंचं टेबल दिसतं. टेबलावर बोथट कात्री आहे, आणि टेबलामागे आता नुसती भिंत आहे.