पावणेदोन क्विंटल

ब्लाउज शिवायला माझ्याकडे येणाऱ्या बायांना माझी एक खोड ठाऊक आहे. मी माप घेते, पण आकडा तोंडातून काढत नाही. टेप लावायचा, बघायचं आणि खडूनं कापडाच्या कडेला लिहून टाकायचं. मी नवी नवरी होते तेव्हा इथल्याच, मूल गावातल्या, एका टेलरनं माझं माप आतल्या कारागिराला ओरडून सांगितलं होतं. बाकावर सासू बसलेली, शेजारी दोन अनोळखी गिऱ्हाइकं. कारागिराला नीट ऐकू आलं नाही म्हणून त्यानं पुन्हा विचारलं, आणि टेलरनं पुन्हा ओरडून सांगितलं. तेव्हाच ठरवलं, शिवणकाम शिकायचं आणि कोणाची अब्रू अशी चारचौघांत मांडायची नाही.

मी तेव्हाही जाड होते, आता तर विचारूच नका. ऑटोवाला मला बघितलं की म्हणतो, बाई, मधात बसा. मधे बसलं की गाडी कलत नाही. त्याचं चुकतं असं नाही, पण घरी येऊन मी भांडी आदळते आणि नवरा बिचारा काहीही न करता बोलणी खातो.

माझा पोरगा आयटीआय करून दोन वर्षं घरी बसला होता. मग एका मालकाकडे लागला. या मालकानं मूलच्या पुढे एका तलावाच्या काठी रिसॉर्ट काढलं होतं आणि कुठून तरी जुनी मोटरबोट आणली होती. साधी फेरी मारायची बोट नव्हे. तिच्यामागे दोर बांधायचा, दोराला धरून माणूस, माणसाचे पाय एका फळीला पट्ट्यांनी करकचून बांधलेले, आणि बोट पळाली की मागे जी लाट उठते तिच्यावरून त्यानं उड्या मारायच्या. वेकबोर्डिंग म्हणतात त्याला. पोरानं मोबाइलवर दाखवलं तेव्हा मी म्हटलं, बाप्पा, हे लोकं मुद्दाम करतात?

पोराला मात्र वेड लागलं होतं. जेवताना सांगत बसायचा. बोट हलकी असली तर पाण्यावरून नुसती घसरत जाते, लाट उठतच नाही. बोट मागून जड पाहिजे. म्हणून मागच्या दोन्ही कोपऱ्यांत सीटखाली जाड पिशव्या असतात, पंपानं तलावाचंच पाणी त्यांत भरायचं. बोटीचं बूड खाली बसतं आणि मागे लाट चढते. दोन्ही कोपऱ्यांत वजन सारखं पाहिजे, नाहीतर बोट कलते आणि लाट वाकडी होते. काम झालं की पंप लावून पाणी परत तलावात. या सगळ्या भानगडीला बॅलास्ट म्हणतात. दिवसभर त्याच्या तोंडात बॅलास्ट. बाप म्हणायचा, याचं लग्न तिच्याशीच लावून देऊ.

थंडीचे दिवस होते. एका संध्याकाळी पोरगा म्हणाला, आई, रविवारी तलावावर चाल, तुले बोटीत बसवतो. येताना खानावळवाल्या मावशीलेही घेऊन ये. ही आमची शेजारीण. माझ्याहून चार बोटं जाड, पण तिला त्याचं काही नाही. लग्नात फोटोवाल्याला सांगते, मले पुरी घे, अर्धी घेऊ नको.

मला इतका आनंद झाला की रात्रीच सांबाराच्या वड्या करायला घेतल्या. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. मार्कंड्याच्या जत्रेला नेसते ती जांभळी साडी काढली, इस्त्री केली. पोरगा कमावता झाला, आता आईला आपलं काम दाखवायला नेतो, असं मी दोन-तीन गिऱ्हाइकांना सांगूनही टाकलं. त्यातली एक म्हणाली, नशीबवान हाव तुम्ही. मी हसले, नाही म्हटलं नाही.

तलावावर पोचलो तर पोरगा बोटीपाशी धावपळ करत होता. पांढरी शुभ्र सीटं, मधे लोखंडी कमान, तिला दोर बांधलेला. मालक काळा चष्मा लावून उभा. नागपूरचे एक साहेब पाय फळीवर ठेवून पट्ट्या बघत होते आणि त्यांच्या बायकोनं मोबाइल काढून तयार ठेवला होता. पोरानं आमच्या अंगात लाल जॅकेटं घातली, बुडू नये म्हणून. माझ्या जॅकेटचे बक्कल एकमेकांना भेटेचनात. त्यानं दोन्ही टोकं दोरीनं ओढून बांधली आणि मोठ्यानं म्हणाला, "मावशी, तुम्ही या डाव्या कोपऱ्यात बसा."

मला वाटलं, शेजारणीला म्हणतो आहे. पण तिला त्यानं उजव्या कोपऱ्यात बसवलं, तेही मावशी म्हणूनच. घरी मला आई म्हणतो, तू म्हणतो, रागावला तर नुसतं ए म्हणतो. 'मावशी'पेक्षा ते 'तुम्ही' मला जास्त बोचलं. तरी मनात म्हटलं, कामावर असतो, शिस्त असेल.

शेजारीण म्हणाली, मी हिच्याजवळ बसते, दोघी गप्पा मारू. पोरगा घाईनं नाही म्हणाला, तिथेच बसा.

साहेबांच्या बायकोनं गोड आवाजात विचारलं, या मावशी कोण? पोरगा म्हणाला, गावातल्याच आहेत मॅडम, मदतीला बोलावल्या. इतकं शुद्ध त्याला बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. मग पाण्यात उतरता उतरता साहेबांनी विचारलं, मागे वजन किती आहे?

"दोघी मिळून पावणेदोन क्विंटल धरा, सर," माझा पोरगा म्हणाला.

साहेबांनी मान हलवली. चांगलं आहे, म्हणाले.

माझ्या कानांतून गरम वाफा निघाल्या. आमच्याकडे क्विंटलमधे धान मोजतात. गिरणीच्या काट्यावर पोती ठेवतात आणि तिथे कामाला असलेला माझा नवरा असाच ओरडून आकडा सांगतो. मी मांडीवरच्या वड्यांच्या डब्याकडे बघत राहिले. तेव्हा पिशव्यांचं काय झालं ते मला माहीत नव्हतं, पण आपल्याला इथे कशाला आणलं आहे एवढं समजायला पिशव्यांची गरज नव्हती.

पुढचं सगळं नंतर कळलं. पावसाळाभर बोट ज्या गोदामात होती तिथेच कोंड्याची चुंगडी, म्हणजे पोती, रचलेली. कोंड्यासाठी उंदीर आले आणि दोन्ही पिशव्या कुरतडून गेले. नव्या पिशव्या वेळेवर येणार नव्हत्या. रेती भरलेली पोती ठेवली तर पांढरी सीटं खराब होतील म्हणून मालक नको म्हणाला. आणि साहेब त्याच रविवारी लाट बघून ठरवणार होते, दर आठवड्याला शिकाऊ पोरं घेऊन इथे यायचं की नाही. लाट पसंत पडली तर पोरगा ड्रायव्हर म्हणून पक्का. नाही पडली तर मालक बोट विकणार आणि पोरगा बापासोबत गिरणीत पोती उचलायला जाणार. हे त्यानं मला आधी सांगितलं असतं तर मी आले नसते का? आले असते. साधी साडी नेसून आले असते.

मालक आणि साहेबांची बायको पुढच्या सीटवर बसली आणि बोट सुटली. मागचा भाग खाली बसला, नाक वर गेलं, आणि आमच्या पाठीमागे पाणी खरंच उचललं गेलं. साहेब फळीवर उभे राहिले, लाटेवरून इकडे आले, तिकडे गेले. शेजारीण खूश. बोटीचा काठ धरून ओरडत होती, माय वं, पाहा पाहा! मी एकदाही मागे बघितलं नाही. पोराच्या पाठीकडे बघत होते. शर्ट नवीन होता. त्याची बाही मीच आखूड करून दिली होती.

साहेब थांबले, पाण्यात तरंगत अंगठा वर केला. मालकानं पोराच्या पाठीवर थाप मारली. मग पोरगा वळून मला म्हणाला, मावशी, तुम्ही जरा आणखी मागे सरकता का, लाट अजून साफ येईल. मी सरकले. पण शेजारणीचं हसणं थांबलं होतं.

"मावशी कोणाले म्हणून राह्यला रे केव्हाचा?" ती म्हणाली. "तुही माय होय न ही."

पोराचे कान लाल झाले. मी शेजारणीला डोळ्यांनी खूण करत होते की राहू दे वं, पण ती कुठली ऐकते. साहेबांच्या बायकोनं मोबाइल खाली ठेवला. अय्या, आई आहेत तुझ्या? मग तिथे कशाला बसवलंस त्यांना? काकू, तुम्ही पुढे या बघू. मालकही चष्मा काढून म्हणाला, या, या, पुढे बसा. मला हाताला धरून पुढच्या सीटवर नेलं, थंड बाटली हातात दिली, कुशन पाठीला लावलं. इतका मान मला लग्नातही मिळाला नव्हता आणि मला तो घेता येईना.

बोट पुन्हा सुटली. आता मागे एका कोपऱ्यात शेजारीण, दुसरा कोपरा रिकामा. बोट लगेच तिच्या बाजूला कलली. लाट वाकडी आली, साहेब तोल जाऊन तोंडावर आपटले. दुसऱ्यांदा उभे राहिले, पुन्हा आपटले. वर आले तेव्हा तोंडातलं पाणी थुंकत म्हणाले, हे काय चाललंय? मालक पोराकडे बघत होता. पोरगा समोर बघत होता, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून. उठून परत मागे जा असं आता तो कोणाला म्हणणार? आईला? सगळ्यांसमोर? मावशी म्हणायची सोय तर गेली होती.

सगळ्यांना कळत होतं काय करायला पाहिजे, आणि भल्या लोकांना ते तोंडानं म्हणता येत नव्हतं. मला शेजारणीचा राग आला, मालकाचा आला, त्या कुशनचा आला. पोराचा मात्र येईना.

मी उठले. साडी सावरली, बाटली त्या बाईच्या हातात दिली आणि सीटांना धरत धरत मागे गेले. "मले इथीच बरं वाटते," मी म्हटलं. "हवा लागते इथी." आणि डाव्या कोपऱ्यात जाऊन बसले, अगदी काठाला टेकून, जितकी मागे सरकता येईल तितकी.

कोणी नको म्हणालं नाही. कोणीतरी एकदा तरी म्हणावं असं वाटत होतं.

लाट मग अशी आली की साहेब हवेत उडाले आणि पायांवर उतरले. त्यांची बायको टाळ्या वाजवत होती. काठावर आल्यावर सगळ्यांनी माझ्या वड्या खाल्ल्या, साहेबांनी तर चार खाल्ल्या आणि सांगितलं, दर आठवड्याला येऊ. पोरगा पक्का झाला. येताना मी शेजारणीशी अख्खा रस्ता बोलले नाही. ती म्हणाली, मी खरं तेच बोलली न वं? खरंच बोलली होती, म्हणूनच तर.

घरी नवऱ्यानं विचारलं, कसं झालं? मस्त झालं, मी म्हटलं. गिऱ्हाइकांनाही तेच सांगितलं. पोरगा खाली मान घालून जेवायचा आणि उठून जायचा. बॅलास्ट हा शब्द घरातून गेला.

मग नव्या पिशव्या आल्या. पोरगा त्या घरी घेऊन आला. उंदरांपासून वाचवायला जाड ताडपत्रीच्या खोळी शिवून पाहिजे होत्या आणि ते काम त्यानं बाहेर न देता माझ्याकडे आणलं. माप नीट यावं म्हणून त्यानं अंगणात नळाचं पाणी सोडून एक पिशवी भरली. ती हळूहळू फुगत गेली, अंगणातली पडवीपर्यंतची जागा तिनं व्यापली. आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना उभे.

मी लांबी घेतली आणि खडूनं ताडपत्रीवर लिहिली. तो मोबाइल काढून म्हणाला, आई, आकडा सांग, मीही लिहून ठेवतो. मी घेर घेतला, लिहिला. तो म्हणाला, ऐकू नाही आलं, मोठ्यानं सांग न.

"मी कोणाचं माप मोठ्यानं सांगत नाई," मी म्हटलं.

बोलले आणि जीभ चावली. खरं तर सवयीनंच निघालं होतं. पण निघालं ते निघालंच. नळ चालूच होता, पिशवीच्या तोंडातून पाणी उतू जाऊन त्याच्या चपलांखालून वाहत होतं. त्यानं नळ बंद केला, मोबाइल खिशात ठेवला आणि माझ्या टेपचं दुसरं टोक हातात घेतलं.

"मले तुही लाज वाटली, आई," तो म्हणाला. "त्या लोकायसमोर. खरं सांगतो."

मी टेपचं माझ्याकडचं टोक पिशवीला टेकवलं.

"मलेही वाटते रे माझी," मी म्हटलं. "टेप सरळ धर."

त्यानं धरला.