रांगत घर पाहणारे डॉक्टरसाहेब

डॉक्टर त्र्यंबकराव पातूरकर यांचे प्रथम दर्शन मला झाले ते त्यांच्या पावलांचे. आदरणीय व्यक्तीची पावले आधी पाहावीत, हे आमच्या पाठशाळेतल्या शिकवणुकीला धरूनच झाले. फक्त ही पावले एका बाजेखालून बाहेर आलेली होती. कापसाच्या बाजाराची बातमी पाठवण्यासाठी मी अकोल्यास गेलो होतो आणि ओळखीच्या एका आडत्याकडे उतरलो होतो. त्यांच्या धाकट्या मुलाला ताप होता. औषध देऊन झाले होते, तरी डॉक्टर काही निघाले नव्हते. ते बाजेखाली शिरले होते.

घरच्या बाई पदर तोंडाशी धरून मला म्हणाल्या, "पाहा ना भाऊ, एवढे शिकलेले डॉक्टर, अन् मांजरावाणी कावून घुसून राहिले!"

खालून आवाज आला, "बाई, घासलेटाची बाटली इथं कोणं ठेवली?"

"मीच ठेवली. वर ठेवली तं सांडते. बाजीखाली कोण जाते?"

"तुमचं पोरगं जाते. अन् आता मी आलो."

बाटली सरबताची होती आणि बुचाऐवजी तिला चिंधीचा बोळा होता. मिशांना जळमट लागलेले डॉक्टर बाहेर आले, त्यांनी माझ्याकडे एकवार पाहिले आणि बाटली माझ्या हातात दिली. "तुमी उंच दिसता. त्या फळीवर ठेवा." आमची ओळख झाली ती अशी. माझ्या हातून घडलेले सर्वांत उपयुक्त कार्य तेच, असे ते आजही चारचौघांत सांगतात. माझ्या वार्ताहरकीची ते काय किंमत करतात, हे वाचकांनी त्यावरून ओळखावे.

पुढे डॉक्टरसाहेबांनी अमरावतीस दवाखाना घातला आणि आमचा सहवास वाढला. त्यांची पद्धत वऱ्हाडात आता सर्वांच्या परिचयाची आहे. मूल तपासून झाले की ते त्याला जमिनीवर सोडावयास सांगतात. कोणी हाक मारायची नाही, खुळखुळा वाजवायचा नाही. मूल जाईल तिकडे त्याच्या मागून डॉक्टर जातात. मूल रांगत असेल तर तेही रांगतात. धोतराचा काचा मारून हा पदवीधर गृहस्थ गुडघ्यांवर निघाला की घरातल्या सुना भिंतीकडे तोंड करून हसतात. पण त्या फेरीत उंदरांसाठी आणलेला सोमल सापडतो, सुतळीला लोंबणारी कात्री सापडते, आंघोळीच्या कढत पाण्याचे घंगाळ सापडते. घर उभ्याने पाहिले तर घरातली माणसे तेवढी दिसतात, असे त्यांचे म्हणणे आहे.

आयांवर ते कधी ओरडले नाहीत. कापूस वटणाऱ्या जिनात कामाला जाणाऱ्या काही बायका मूल निजून राहावे म्हणून त्याला अफूची कणी चाटवीत. मी हे ऐकून संतापलो आणि जळजळीत मजकूर लिहावयास बसलो. डॉक्टर म्हणाले, "लिहा ना. पण तिले वाचता येत नाही. अन् ज्याले येते, त्याच्या घरी पोरगं धरायले बाई आहे." मग ते जिनातल्या तशा एका बाईशी बोलायला गेले. ती म्हणाली, "अफू नाही देली तं पोरगं रडते, अन् रडलं का मुकादम मले हाकलते."

"मुकादमाले मी पाहतो. तू कणी फेक."

मालकांशी त्यांचे काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. पण जिनाच्या आवारातली एक पडवी मोकळी झाली, तिथे झोळ्या टांगल्या गेल्या आणि एक म्हातारी झोके द्यायला बसली. माझा मजकूर अर्धाच राहिला. भाषेच्या दृष्टीने तो फार चांगला उतरला होता.

आता आमच्या घरची गोष्ट सांगणे भाग आहे.

माझे वडील आप्पाशास्त्री हे याज्ञिक. सांध्यांच्या दुखण्यावर ते एक तेल करीत आणि शेजारीपाजारी फुकट वाटीत. त्या तेलाला बचनाग लागतो. हा कंद दिसतो एखाद्या काळपट खारकेसारखा, पण आहे जहाल विष. तो मुलांच्या हाती लागू नये म्हणून आप्पांनी पुष्कळ विचार करून देवघरातल्या कोनाड्यात ठेवला होता. देवघरात सोवळ्याशिवाय कोणी पाऊल टाकीत नसे, तेव्हा त्याहून सुरक्षित जागा घरात नव्हती. शेजारीच नैवेद्याच्या खडीसाखरेची वाटी असे. रोज पूजा आटोपली की आप्पा त्या वाटीतला खडा आणून माझ्या मुलीच्या, कमळीच्या, जिभेवर ठेवीत. गोड वस्तू कोठून येते हे तिने उंबऱ्याबाहेर बसून नीट पाहून ठेवले होते. ती तेव्हा नुकती धरून उभी राहू लागली होती.

दातांच्या तापासाठी डॉक्टरसाहेब एका दुपारी आले. औषध दिल्यावर रीतीप्रमाणे म्हणाले, "आता पोरीले सोडा."

कमळी माझ्या दौतीवरून फिरून आली, जात्याचे पीठ चाटून आली आणि मग सरळ देवघराकडे निघाली. मागून डॉक्टर. उंबऱ्याशी आप्पा म्हणाले, "डॉक्टर, पुढं सोवळं आहे." डॉक्टर थांबले. कमळी थांबली नाही.

आप्पांचे भोजन झालेले, म्हणून त्यांना आत जाता येईना. माझी पत्नी उष्टी भांडी टाकून धावत आली, तीही ओवळीच. माझे सोवळे तर विद्यार्थिदशेतच सुटले होते. धर्मशास्त्र जाणणारे आम्ही सर्वजण उंबऱ्याच्या अलीकडे ओळीने उभे राहिलो आणि "कमळे, ये गं बाळ, ये" असे म्हणू लागलो. आप्पा म्हणाले, "येईल ती. तिथं देवच आहेत." तेवढ्यात कमळीने कोनाड्याची कड धरली, उभी राहिली, आत हात घातला आणि काहीतरी तोंडाकडे नेले.

डॉक्टरांनी विचारले नाही. उंबरा ओलांडून दोन ढांगांत ते आत गेले, तिच्या मुठीतून कंद काढला, तोंडात बोट घालून पाहिले, तिला उचलून मोरीवर आणले आणि तोंड पुन्हा पुन्हा धुतले. मग आप्पांना विचारले, "हे काय होय?"

आप्पा म्हणाले, "बचनाग."

डॉक्टरांचा चेहरा उतरलेला मी तेवढ्या एकाच वेळी पाहिला. त्यांनी टांगा परत पाठवला आणि कमळीला मांडीवर घेऊन ते ओसरीवर बसले. कंद ओठाला लागला होता की दातांखाली गेला होता, हे कोणालाच सांगता येत नव्हते. ते तिची नाडी पाहत, ओठ चोळून पाहत, आणि मध्येच तिच्यापुढे टिचक्या वाजवीत. माझी पत्नी खांबाला टेकून उभी होती. तिला कोणी बस म्हटले नाही आणि ती बसली नाही. आप्पा जप करीत होते, पण माळ पुढे सरकत नव्हती. दिवेलागणीला कमळीने डॉक्टरांच्या मिशा ओढल्या. तेव्हा ते म्हणाले, "आता हिले भात द्या."

उठताना त्यांनी आप्पांना हात जोडले. "शास्त्रीबुवा, माफी असावी. माह्यानं तुमचं देवघर बाटलं."

"ते मी कंद ठेवला तेव्हाच बाटलं होतं," आप्पा म्हणाले. मग त्यांनी विचारले, "पण तिच्या हातात विष आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"नाही कळलं. तोंडाकडं जाणारं आधी काढतो, नाव मंग विचारतो."

याला प्रायश्चित्त काय ते ग्रंथात पाहावे लागेल, असे म्हणून आप्पा आत गेले. ते सापडले की नाही, हे त्यांनी आम्हाला सांगितले नाही. पण बचनाग कुलपाच्या पेटीत घालून माळ्यावर गेला. आणि पुढे आप्पा ज्या यजमानाकडे पूजेला जात, तिथे आरती झाली की म्हणत, "घरात लेकरू आहे ना? सोडा त्याला खाली." अखेरपर्यंत त्यांनी हा विधी चालवला, आणि तो कोणत्या पोथीत आहे हे त्यांना कोणत्याही यजमानाने विचारले नाही.

कमळी आता लेकुरवाळी आहे. यंदा दिवाळीला ती मुलाला घेऊन माहेरी आली तेव्हा डॉक्टरसाहेब भेटायला आले. मी खुर्ची पुढे केली. ते जमिनीवर बसले. नातू रांगत निघाला, हेही निघाले, आणि तिवईवरच्या माझ्या गरम चहाची बशी त्यांनी नातवाच्या आधी गाठली. नंतर मात्र त्यांना उठता येईना. कमळीने एका बाजूने धरले, मी दुसऱ्या बाजूने.

"हळू वो! साठ वर्षांचा माणूस आहे," ते म्हणाले.

"मंग रांगता कावून, काका?" कमळी म्हणाली.

"तू उभी राहिली म्हणून," ते म्हणाले, आणि माझ्या बशीतला चहा पिऊन टाकला.

डॉक्टरसाहेबांना दीर्घायुष्य लाभो, असे त्यांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात पुष्कळांनी लिहिले असेल, आणि ते सर्व खरे होवो. मी त्यात आपल्याकडून त्यांचे दोन्ही गुडघे जोडतो. ते पुष्कळ वर्षे शाबूत राहोत. आमच्या नातवाला धाकटे भावंड होणार आहे.