मखमलीची बाही

शिवणकामाच्या त्या कारखान्यात त्याला सगळे मास्तर म्हणत, कारण कापड बेतायचं आणि कापायचं काम त्याच्याकडे. कोकेनने हा माणूस जवळजवळ संपवला होता. आधी अंगावर आलेलं काम उरकावं म्हणून घेतलं, मग सवय म्हणून, मग त्याशिवाय उठवेना म्हणून. बायको निघून गेली. उरली थोरली बहीण.

ताईने डॉक्टर केले, गोळ्या आणल्या. तो त्या जिभेखाली धरायचा आणि मोरीत थुंकायचा. शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, एक इंजेक्शन आहे, मूळ दुसऱ्याच मानसिक आजाराचं. महिन्यातून एकदा घ्यायचं. औषध अंगात हळूहळू उतरत राहतं. "कोकेनची ओढ त्याने कमी होते का, हे आज छातीठोकपणे कुणीच सांगणार नाही. आम्ही तपासतोय. तुमची तयारी असेल तर बघू."

तयारी ताईची होती. त्याने नुसता दंड पुढे केला.

ओढ गेली नाही. ती शेजारच्या घरातल्या रेडिओसारखी झाली. ऐकू यायची, पण आपल्यासाठी लावलेली नसायची. "पूर्वी रोज सकाळी गोळीशी भांडण," तो इंजेक्शन देणाऱ्या नर्सला म्हणाला, "आता महिन्यातून एकदाच. तेही तुमच्यासमोर, म्हणजे मी हरणारच."

"दंड सैल सोडा मास्तर," नर्स म्हणाली, "भाषण नंतर."

पुढे कारखान्यात मखमलीच्या कोटाचं काम आलं. साध्या कापडावर मास्तर तुकडे उलटसुलट बसवून कापड वाचवायचा; त्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण मखमलीला एकाच दिशेला झुकलेली लव असते. तुकडा उलटा बसला की उजेड त्यावर वेगळा पडतो. हे त्याला झोपेतही ठाऊक होतं. तरी त्याने एक बाही उलटी कापली. कोट पुतळ्यावर चढला, तेव्हा एक हात उजळ आणि एक काळोखा.

"मास्तर, कोटाला अर्धांगवायू झालाय हो," मशीनवरचा कारागीर म्हणाला. कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या मनात एकच आलं. मालकीणबाईंनी ताईला फोन केला.

ताई धापा टाकत आली. आधी त्याचे डोळे पाहिले.

"पुन्हा घेतलंस?"

"नाही."

"माझ्याकडे बघून सांग."

"नाही घेतलं, ताई. डोकं जड असतं. बोटं आखडतात. बरेच दिवस झाले."

"मग बोलला का नाहीस? तोंड शिवलं होतं का तुझं?"

तो मेजावरच्या खडूशी चाळा करत राहिला. "सांगितलं असतं तर डॉक्टरबाईंनी इंजेक्शन बंद केलं असतं."

ताई तिथेच कापडाच्या ढिगावर बसली. ती जन्मभर या भावाच्या थापा पकडत आली होती. औषध चुकवण्यासाठीच्या थापा, गायब झालेल्या वस्तूंच्या थापा. औषध टिकावं म्हणून त्याने काही लपवावं, हे तिला नवीन होतं. ती हसायला लागली आणि तिला ते थांबवता येईना.

"गाढवा," ती डोळे पुसत म्हणाली, "चल, तोंड उघड त्यांच्यासमोर."

डॉक्टरबाईंनी त्याची बोटं, मनगटं वाकवून पाहिली. हा औषधाचाच परिणाम, म्हणाल्या. पुढचा डोस कमी करू, आखडण्यावर वेगळी गोळी देऊ. ओढ वाढली तर लगेच कळवा. लपवलंत तर आम्हाला काहीच कळणार नाही, आणि तुमच्यासारख्या दुसऱ्यांनाही त्याचा उपयोग होणार नाही.

"म्हणजे बंद नाही ना?" त्याने विचारलं.

"सध्या नाही."

त्याने हात जोडले.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "ताई, पुढच्या महिन्यात माझा मी येईन."

"ये की," ताई म्हणाली. "मीही येईन. नर्सशी माझ्या गप्पा अर्ध्यावर राहिल्यात."